खांदा दुखतोय, छातीचा व्यायाम कसा करू?

प्रश्न : वय ३४. बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून वजनाचा दांडा, म्हणजे बारबेल, वर ढकलणं) मारताना उजव्या खांद्यात पुढून कळ यायची. रोटेटर कफला, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंना, सूज निघाली. फिजिओथेरपी झाली, आता हलक्या व्यायामाला परवानगी आहे. घरी चेस्ट प्रेसचं मशीन घेऊ की डंबेल्स? – एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : मशीनचे पैसे वाचवा. बारबेल काय किंवा मशीन काय, हातांची वाट ठरलेली. दुखऱ्या खांद्याला जरा इकडेतिकडे सरकायला वावच नसतो. डंबेल्समध्ये तो मिळतो. सतरंजीवर उताणे झोपा, तळवे समोरासमोर, कोपर अंगापासून ४५ अंशांच्या आतबाहेर. डंबेल्स वर ढकला, खाली आणताना दंड जमिनीला टेकला की थांबायचं. बेंचवर कळ बहुतेकदा त्याच्याही खाली येते, आणि जमीन तुम्हाला तिथवर जाऊच देत नाही! ३-४ किलोंपासून सुरू करा, १२ ते १५ वेळा.

मी तालमीतला. माझा खांदा गेला तेव्हा जोर सोडून भिंतीला हात टेकून दंड काढायचो, पोरं हसायची. मग स्वयंपाकाच्या ओट्यावर, मग पायरीवर, असं हळूहळू खाली आलो. डिप्स (दोन दांड्यांवर अंग तोलून खाली-वर होणं) आणि फ्लाय (डंबेल्स घेऊन हात बाजूला पसरून पुन्हा जवळ आणणं) तूर्त नकोच. रात्री त्या कुशीवर वळताना ठणका लागला, तर वजन उतरवा आणि फिजिओला दाखवा.