ऊन सावलीत असतं

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझं बाजारपेठेचं चित्र मिळालं. ड्रॉइंग पक्कं आहे, पर्स्पेक्टिव्हही कुठे चुकलेलं नाही. पण वेळ भर दुपारची आणि चित्रात ऊन नाही. 'पिवळा कितीही वाढवला तरी ऊन पडत नाही,' असं तू लिहिलंस. अगं, पिवळ्याचा काय दोष! सावल्यांत तू पेन्स ग्रे, तो काळपट राखाडी रंग, ओतलास, तिथेच ऊन विझलं.

फ्रेंच चित्रकार रन्वारचं 'पों नफ' नीट बघ, पॅरिसमधल्या त्या नावाच्या पुलाचं चित्र. १८७२ सालचं हे चित्र आज वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. दृक्प्रत्ययवाद्यांचं, म्हणजे रन्वार आणि त्याच्या इम्प्रेशनिस्ट साथीदारांचं, पहिलं प्रदर्शन भरायला तेव्हा अजून दोन वर्षं होती. पॅरिसने नुकतंच युद्ध, वेढा आणि १८७१ च्या कम्यूनच्या बंडाचा रक्तपात सोसला होता. त्याच शहरात, ऐन उन्हात, माणसं पुलावरून आपापल्या कामाला निघाली आहेत. मला हे चित्र बघून दरवेळी भरून येतं.

आता त्या माणसांच्या पायांकडे बघ. सावल्या आखूड आहेत, म्हणजे सूर्य जवळजवळ डोक्यावर. आणि त्या काळ्या नाहीत, निळ्या-जांभळट आहेत. सूर्य अडला तरी वरचं उघडं आकाश सावलीत उतरतंच, त्याचा हा निळा. रस्त्याला रन्वारने भडक पिवळा लावलेलाच नाही. रस्ता साधा सायीच्या रंगाचा आहे, पण त्या निळ्याशेजारी तो तापल्यासारखा दिसतो.

मीही ही चूक बरीच वर्षं केली. सावली म्हटली की हात आपोआप काळ्याकडे जायचा. एकदा दुपारी चुन्याच्या भिंतीवर झाडाची सावली पडली होती. सहज राखाडी पुठ्ठ्याचा तुकडा डोळ्यांसमोर धरला आणि त्याच्या कडेला ती सावली एकदम निळी दिसली. त्या दिवसापासून पेन्स ग्रेची ट्यूब पेटीबाहेर आहे.

दुसरं, तुझी माणसं. ती फोटोसाठी उभी केल्यासारखी वाटतात. रन्वार एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर बसला होता. खाली त्याचा धाकटा भाऊ एडमंड येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून किती वाजले वगैरे काहीतरी विचारायचा. तो माणूस उत्तर देईपर्यंत वर त्याचं स्केच व्हायचं. हातात काठी, डोक्यावर गवती हॅट घातलेला एडमंड स्वतः चित्रात दोनदा आलाय, शोधून काढ. एकेक माणूस म्हणजे मोजके फटकारे, पण कोण घाईत आहे आणि कोण रमतगमत चाललंय, ते कळतं. हे फोटोवरून साधत नाही. स्पॉटवरच बसावं लागतं.

चित्र विकलं जाईल का, असंही विचारलंयस. 'पों नफ' १८७५ च्या लिलावात अवघ्या ३०० फ्रँकला गेलं. तो विचार सध्या बाजूला ठेव.

या रविवारी भावाला घेऊन पेठेत जा. बारा ते साडेबारा, एवढाच वेळ. पूर्ण चित्र करू नकोस. पुठ्ठ्याचा तुकडा धरून चार सावल्या बघ: डांबरावरची, भिंतीवरची, ताडपत्रीखालची आणि एखाद्या पांढऱ्या सदऱ्यावरची. प्रत्येकीच्या रंगाची एक पट्टी कागदावर लाव आणि तो कागद मला पाठव.

तुझा,
सर