मुद्दाम, हेतुपुरस्सर आणि फूस लावणे: 'इंटेन्शनल टॉर्ट'ची मराठी

एका वाचक ताईंचा प्रश्न आला आहे. त्यांची मुलगी बीबीएला असून व्यवसाय कायद्याचा अभ्यास करते आहे. तिच्या टिपणांत 'इंटेन्शनल टॉर्ट'साठी एका ठिकाणी 'मुद्दाम केलेला गुन्हा' असे लिहिले आहे आणि दुसऱ्या ठिकाणी 'हेतुपुरस्सर अपकृत्य'. यातले बरोबर कोणते, की दोन्ही चालतील?

पहिले चालणार नाही. त्यातला 'मुद्दाम'ही चुकतो आणि 'गुन्हा'ही.

गुन्ह्याची नोंद पोलिसांकडे होते, खटला सहसा सरकार चालवते, आरोपीला शिक्षा होते. टॉर्ट म्हणजे दिवाणी स्वरूपाची आगळीक; त्यात ज्याचे नुकसान झाले तोच दिवाणी न्यायालयात दावा लावतो आणि भरपाईही त्यालाच मिळते. हा फरक मराठीने आधीच नीट सांभाळला आहे. 'अब्रुनुकसानीचा दावा' म्हटले की दिवाणी, 'अब्रुनुकसानीचा खटला' म्हटले की फौजदारी. बातम्यांत या दोन्हींची सरमिसळ होते तेव्हा मला फार खटकते, कारण एकात पैसे द्यावे लागतात आणि दुसऱ्यात तुरुंगही घडू शकतो. एकाच कृत्यातून दोन्ही उद्भवू शकतात, ही गोष्ट वेगळी.

'अपकृत्य' हा शब्द जड वाटतो, पण तो परका नाही. उपकाराच्या उलट अपकार आपण रोज म्हणतो; त्याच अप + कृ मधून हा आला. 'दुष्कृत्य' मात्र इथे वापरू नये. त्यात पापाची छटा आहे आणि टॉर्टला पापपुण्याशी देणेघेणे नाही. भारतात अपकृत्यांचा एकत्र लिहिलेला कायदा नाही, तो बराचसा इंग्लंडच्या आणि आपल्या न्यायालयांच्या निकालांतून घडला. तरी दावा किती काळात लावायचा हे सांगणाऱ्या १९६३ च्या मुदत कायद्याच्या कलम २ मध्ये छोटी व्याख्या सापडते. तिचा आशय असा, की अपकृत्य म्हणजे निव्वळ करारभंग किंवा निव्वळ न्यासभंग (ट्रस्टच्या जबाबदारीचा भंग) नसलेली दिवाणी आगळीक.

आता 'मुद्दाम'. "तू मुद्दाम केलंस!" या वाक्यात आकसाचा आरोप असतो. कायदा मात्र आकस शोधत नाही. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात १९५१ साली घडलेली एक घटना तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्या काही तासांतच शिकवतात. पावणेसहा वर्षांच्या एका मुलाने अंगणातली खुर्ची हलवली, त्याच जागी एक बाई बसायला गेल्या, पडल्या आणि त्यांचे खुब्याचे हाड मोडले. त्यांना इजा करावी असे मुलाच्या मनात नव्हते, हे खालच्या न्यायालयाने मान्य केले. पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये वेगळाच प्रश्न विचारला: खुर्ची हलवली तेव्हा बाई तिथे बसायला जाणारच, हे त्याला पक्के माहीत होते का? माहीत असेल तर हेतू आला. प्रकरण परत खालच्या न्यायालयाकडे गेले, त्याला माहीत होते असे ठरले आणि ११,००० डॉलरचा निवाडा झाला. या मुलाने 'मुद्दाम पाडले' असे मराठी माणूस म्हणायला कचरेल. 'हेतुपुरस्सर' म्हणता येते, कारण पुरस्सर म्हणजे पुढे चालणारा. हेतू पुढे आणि कृत्य मागे, एवढेच तो शब्द सांगतो. द्वेषाबद्दल काही बोलत नाही. (पुष्कळ जण 'हेतूपुरस्कर' लिहितात. ते चूक आहे. पुरस्काराशी याचा संबंध नाही.)

हेतूचा हा मुद्दा धंद्यात सर्वांत जास्त कुठे लागतो, तर फसवणुकीत. आणि इथे मराठीकडे असलेली जोडी मला फार मोलाची वाटते: फसवणूक आणि फसगत. फसवणूक कुणीतरी करतो, फसगत आपली होते. इंग्लंडमधल्या प्लिमथच्या एका ट्राम कंपनीच्या संचालकांनी माहितीपत्रकात छापले, की आम्हाला वाफेवर गाड्या चालवण्याचा हक्क आहे. ते वाचून पीक नावाच्या गृहस्थाने शेअर घेतले. त्या हक्काला व्यापार मंडळाची (बोर्ड ऑफ ट्रेड या सरकारी खात्याची) संमती लागत होती आणि ती पूर्णपणे मिळालीच नाही. कंपनी बुडाली. १८८९ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, निकाल दिला, की संचालकांचा आपल्या म्हणण्यावर प्रामाणिक विश्वास होता, म्हणून ही फसवणूक नव्हे. पीकची फसगत झाली, फसवणूक झाली नाही. आपल्या १८७२ च्या करार कायद्यातही हीच फोड आहे. कलम १७ मध्ये कपट येते, तर कलम १८ मध्ये खरे समजून केलेले चुकीचे निवेदनही येते. त्यामुळे संमती मिळाली असेल, तर फसगत झालेल्या पक्षाला कलम १९ खाली सामान्यतः करार रद्द करता येतो. कपटाच्या अपकृत्याचा दावा लावायचा, तर मात्र फसवणूकच सिद्ध करावी लागते.

आता अंगावर येण्याची अपकृत्ये. 'असॉल्ट' (आता अंगाला हात लागेल अशी धास्ती घालणे) आणि 'बॅटरी' (प्रत्यक्ष हात लावणे) यांसाठी टिपणांत बहुधा 'हल्ला' आणि 'मारहाण' असेल. दोन्ही जास्त होतात. मराठीत हल्ला झाला म्हटले की माणसाला लागलेच असे आपण धरतो, आणि मारहाण म्हटली की चार तडाखे तरी बसलेले असतात. माझी पसंती 'हात उगारणे' आणि 'हात टाकणे' यांना आहे. इंग्लंडमध्ये १८३० साली एका गावसभेत वादावादी झाली. एकाला बाहेर काढायचा ठराव बहुमताने झाला, तेव्हा "मीच अध्यक्षाला खुर्चीवरून ओढतो" असे म्हणत तो मूठ वळून पुढे सरसावला. अध्यक्षांपर्यंत पोचण्याआधीच त्याला अडवले गेले. बोटही लागले नव्हते, तरी असॉल्ट झाला आणि एक शिलिंग भरपाई मिळाली. 'हात उगारला' यात हे सगळे येते. उलट रागाने नुसते ढकलले तरी बॅटरी होते. त्याला मारहाण कोण म्हणेल?

'फॉल्स इम्प्रिझनमेंट'ला सरळ 'डांबून ठेवणे' म्हणावे. चोरीच्या संशयावरून दुकानाच्या मागच्या खोलीत गिऱ्हाइकाला विनाकारण बसवून ठेवले, तर तेच. नुसते वाटेत अडवले आणि मागे फिरायची मोकळीक ठेवली, तर हे अपकृत्य होत नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम १२६ खाली तो गुन्हा होऊ शकतो.

शेवटी करार आणि अपकृत्य जिथे एकमेकांत शिरतात ती जागा. करार मोडणे हे स्वतः अपकृत्य नव्हे. त्याची भरपाई करार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे. पण तिसऱ्याने येऊन करार मोडायला लावला तर? १८५२ मध्ये गायिका योहाना वाग्नर हिने लंडनच्या लम्ली नावाच्या नाट्यगृहचालकाशी तीन महिने, आठवड्यातून दोनदा गाण्याचा करार केला होता. प्रतिस्पर्धी नाट्यगृहाने जास्त पैशांचे आमिष दाखवले. न्यायालयाने तिला लम्लीकडे गायची सक्ती केली नाही, पण दुसरीकडे गाण्याला मनाई केली. पुढे लम्लीने प्रतिस्पर्ध्यावरच दावा लावला आणि असा दावा चालू शकतो, असे १८५३ मध्ये न्यायाधीशांनी बहुमताने ठरवले. मराठी पुस्तकांत याला 'करारभंगास प्रवृत्त करणे' म्हणतात. मी 'करार मोडायला फूस लावणे' म्हणेन. 'प्रवृत्त' माणूस चांगल्या कामालाही होतो. फूस लावणाऱ्याला मात्र आपण काय करतो आहोत ते ठाऊक असते, आणि या अपकृत्यात तेच सिद्ध करावे लागते: करार आहे हे माहीत होते आणि तरीही तो मोडायला लावला. भारतात अशा दाव्याला मुदत एक वर्षाची आहे, आणि ती फूस लावल्या दिवसापासून नव्हे, करार मोडल्या दिवसापासून मोजतात.