ठोकळ्यांचा मोठा संच हप्त्यांवर घ्यावा का?

तुमची मुलगी अडीच वर्षांची, दुसरं बाळ काही महिन्यांवर. बॅटरीवर वाजणारी खेळणी ती दोन दिवसांत टाकून देते, म्हणून लाकडी ठोकळ्यांचा मोठा संच, भातुकलीचं स्वयंपाकघर आणि बाहुलीघर असं सगळं एकदमच, बारा बिनव्याजी हप्त्यांवर घ्यायचा तुमचा विचार आहे. मिस्टर याला उधळपट्टी म्हणतात, तुम्ही गुंतवणूक.

माझं स्पष्ट मत: ठोकळे घ्या, पण अर्धेच आणि रोखीने. बाकीचं सध्या नको.

खेळणी हा खर्च आहे, आणि मुलांवर खर्च करण्यात काहीच गैर नाही. मात्र त्याला गुंतवणूक म्हटलं की कर्ज काढताना हात आखडत नाही. बिनव्याजी हप्त्यांत बहुतेक वेळा प्रक्रिया शुल्क असतं, रोखीची सूट हुकते आणि एखादा हप्ता चुकला की दंड, वर कार्डाचं व्याज. बाळंतपणाच्या तोंडावर वर्षभराचा हप्ता मागे लावून घेऊ नका. ती रक्कम हाताशी असू द्या.

ठोकळ्यांची तुमची निवड मात्र अगदी योग्य आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये कॅरोलिन प्रॅट या शिक्षिकेने जे ठोकळे घडवले, त्यांचं प्रमाण आजही बालवाड्यांत चालतं: दोन अर्धे मिळून एक पूर्ण, दोन पूर्ण मिळून एक दुप्पट. आज तुमची मुलगी ते नुसते रचेल, पाडेल, बादलीत भरून घरभर फिरवेल. चौथ्या वर्षी त्यांचाच पूल होईल, गोठा होईल. सहाव्या वर्षी ती अख्खं गाव वसवेल आणि धाकटं भावंड ते पाडायला हजर असेल. किंमत या सगळ्या वर्षांवर वाटून बघा. वाजणाऱ्या खेळण्याचं काम एकच, ते कळलं की मूल उठतं.

घेताना ठोकळा हातात घेऊनच घ्या. बीच किंवा मेपलसारखं कठीण लाकूड हवं. मऊ लाकडाला खाचा पडतात, कुसळं निघतात. कडा किंचित गोल हव्यात. दोन अर्धे ठोकळे शेजारी ठेवून त्यांच्यावर एक पूर्ण ठेवा आणि टोकांवरून नख फिरवा. नख अडलं तर मापं चुकली आहेत, असा मनोरा चार थरांवरच कलतो.

अर्धेच का, तर घरात खेळणी कमी असली की खेळ रंगतो. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या 2018 मधल्या अभ्यासात 36 लहान मुलांना एकदा 4 आणि एकदा 16 खेळणी दिली. 4 खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. अभ्यास छोटा आहे, पण घरोघरी दिसतं ते याहून वेगळं नाही. वाजणारी निम्मी खेळणी आजच उचलून ठेवा. ज्यांच्या बटण सेलच्या झाकणाला स्क्रू नाही, ती तर घरात नकोतच. असा सेल गिळला गेला तर जिवावर बेततं.

भातुकलीच्या स्वयंपाकघराचं काम मोठं खोकं आणि तुमची दोन खरी पातेली उत्तम करतील. या वयाला खऱ्या वस्तूंचीच ओढ जास्त असते. बाहुलीघर ठोकळ्यांचंच बांधता येईल, जोडीला चार प्राणी आणि एखादी जुनी ओढणी द्या. तयार बाहुलीघरातल्या इवल्या खुर्च्या तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, आणि तुमच्याकडे लवकरच सगळं तोंडात घालणारं दुसरं पिल्लू रांगणार आहे.

पैशांचं असं करा. जो हप्ता भरणार होता, तेवढीच रक्कम दरमहा वेगळ्या खात्यात टाका. अर्ध्या संचाची किंमत जमली की घ्या, उरलेले ठोकळे बाळ वर्षाचं झाल्यावर. त्यासाठी विक्रेत्याला आधीच विचारा की याच मापाचे सुटे ठोकळे पुढे मिळतील का. 1958 पासूनच्या लेगोच्या विटा आजच्या विटांत बसतात, कारण माप बदललेलं नाही. लाकडी ठोकळ्यांत ही खात्री प्रत्येक उत्पादक देत नाही. नाही म्हणाला तर तो संच सोडून द्या आणि कुणाचा वापरलेला मिळतो का बघा. तडे नसलेला, बिनरंगाचा निवडा, कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं.