न सांगता भरलेला फॉर्म आणि शहरांचं अर्थशास्त्र

नमस्कार,

तुमचं पत्र मिळालं. मुलगी अर्थशास्त्र घेऊन बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मोडकळीला आलेले शहरी भाग पुन्हा उभे करायचे, तेही पर्यावरण आणि माणसं सांभाळून, यामागचं अर्थशास्त्र तिला शिकायचंय. तुमच्या मते हे नवं खूळ आहे, त्यात पैसा नाही, तिला संख्याशास्त्रात ६२ गुण आहेत, आणि तिने गुमान सीए करावं. मी तिची समजूत घालावी ही तुमची अपेक्षा. इथवरचं पत्र माझ्या ओळखीचं आहे, अशी पत्रं कायम येतात. पण शेवटाकडे तुम्ही जाता जाता लिहून गेलात की सीए फाउंडेशनचा फॉर्म भरून झालाय, तिला अजून सांगितलेलं नाही, आणि फोटो-सही कॉलेज प्रवेशाच्या वेळी स्कॅन केलेलीच वापरली.

तिथे मी थांबले.

सज्ञान मुलीची सही तिला न विचारता अर्जावर चिकटवलीत तुम्ही. हेच बाहेरच्या कुणी केलं असतं तर तुम्ही पोलीस चौकी गाठली असती. तुमचा हेतू वाईट नाही, हे कळतं मला. एका पगारात घर ओढलंत, ती ओढाताण मुलीच्या वाट्याला येऊ नये असं वाटतं, यात गैर काहीच नाही. पण दोन पानी पत्रात 'आम्ही ठरवलं', 'आम्हाला वाटतं', 'लोकांना काय सांगायचं' हेच जागोजागी आहे. मुलीचं म्हणून एकच वाक्य आहे, तेही तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय: 'म्हणते, एखादा भाग सुधारला की तिथले जुने लोकच का निघून जातात, ते मला शोधायचंय.' साहेब, अख्ख्या पत्रात दम आहे तो या एका वाक्यात. या विषयातली मोठमोठी माणसं याच प्रश्नाशी झटताहेत, आणि तुमच्या लेकीला तो विसाव्या वर्षी पडलाय.

आधी फॉर्मचं बघू. आज रात्री तिला सांगा. हॉल तिकीट आल्यावर कळलं तर ती परीक्षा कदाचित देईलही, पण यापुढे तुमच्याशी मोकळेपणाने बोलायची नाही. ती नको म्हणाली तर फी गेली असं समजा. 'आता पैसे भरलेत तर दे परीक्षा' असं मात्र म्हणू नका. मुलगी अर्थशास्त्राची आहे, बुडीत खर्चाच्या मागे धावू नये हे ती पहिल्याच वर्षी शिकलीय. सीए काय, कॅट काय, स्पर्धा परीक्षा काय, हे सगळे रस्ते पदवीनंतरही खुले असतात.

आता तुमचा गैरसमज. तुम्ही लिहिता, 'पुनर्विकास हा बिल्डरचा धंदा आणि शाश्वत वगैरे एनजीओवाल्यांचं काम, यात अर्थशास्त्र कुठे आलं?' स्पेनमधल्या बिल्बाओचं बघा. पोलाद आणि जहाजबांधणीवर पोसलेलं हे बंदराचं शहर १९८०च्या दशकात डबघाईला आलं. १९९७ मध्ये तिथे गुगेनहाइम हे कलासंग्रहालय उघडलं आणि शहराचं नशीब फळफळलं, ही गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती ऐकून कुठल्या कुठल्या महापौरांनी चकाकत्या इमारती बांधून घेतल्या आणि कित्येकांच्या पदरी नुसता देखभालीचा खर्च पडला. बिल्बाओची खरी मेख जमिनीत होती. १९९२ मध्ये तिथे 'बिल्बाओ रिया २०००' ही सार्वजनिक कंपनी निघाली. तिची निम्मी मालकी केंद्राच्या संस्थांकडे, निम्मी बिल्बाओ ज्यात येतं त्या बास्क प्रांतातल्या संस्थांकडे. बंदर, रेल्वे अशा मालकांच्या पडीक जमिनी तिच्या हाती आल्या. त्यांचा वापर बदलून घेतला गेला, काही भाग विकासकांना विकला, आणि त्या पैशातून रेल्वेचे रूळ हलवून नदीकाठ मोकळा केला. नदी स्वच्छ करायचं काम तर त्याच्याही आधी सुरू झालं होतं, आणि त्यावर संग्रहालयाच्या कितीतरी पट पैसा गेला. नदीचा फोटो कोण काढतो म्हणा! कारखान्याच्या पडीक जागेवर घरं बांधायला परवानगी मिळाली की त्या जागेचा भाव एकदम उसळतो. मालकाने त्यासाठी काडीही हलवलेली नसते. नियम बदललेला असतो आणि जनतेचा पैसा आजूबाजूला ओतलेला असतो. मग ही वाढ मालकाच्या खिशात जाऊ द्यायची, की तिचा काही वाटा शहराने परत घ्यायचा, आणि घ्यायचा तर कसा, हे ठरवणं म्हणजे हे अर्थशास्त्र. ब्राझीलमधल्या साओ पावलोने यावर वेगळाच तोडगा काढला. तिथे ठरावीक भागांत जादा मजल्यांच्या हक्काची प्रमाणपत्रं शहर २००४ पासून शेअर बाजारामार्फत लिलावात विकतं, आणि आलेला पैसा त्याच भागात खर्च करावा लागतो. युक्ती झकास आहे, पण तिची खोटही तिच्यातच आहे: जिथे विकासकांची आधीच झुंबड आहे तिथेच प्रमाणपत्रांना चढा भाव मिळतो, म्हणजे पैसाही तिथेच साठतो. यात बिल्डर आहे, महापालिका आहे, शेअर बाजार आहे, भाडेकरू आहे. एनजीओही असेल एखादी.

मुलीच्या प्रश्नाचं थोडक्यात उत्तर द्यायचं तर ते घरभाड्यात आहे. रस्ता सुधारला, बाग झाली, हवा निवळली की हे सगळं जागेच्या भावात आणि भाड्यात शिरतं. घराच्या मालकासाठी ती कमाई होते. भाडेकरूला मात्र आपल्याच दारातली सुधारणा दरमहा विकत घ्यावी लागते, आणि परवडेनाशी झाली की तो उठतो. न्यूयॉर्कमध्ये बंद पडलेल्या उन्नत मालगाडी मार्गावर हाय लाइन नावाची बाग झाली, तिचा पहिला टप्पा २००९ मध्ये खुला झाला. आजूबाजूच्या वेस्ट चेल्सी भागाचे बांधकाम नियम त्याआधीच, २००५ मध्ये, बदलले होते. जमिनींचे भाव कडाडले, आलिशान इमारती उठल्या. जवळच सरकारी घरांच्या वसाहती आहेत, पण तिथली माणसं बागेत फारशी दिसेनात. बाग उभी करणाऱ्या संस्थेचे सहसंस्थापक रॉबर्ट हॅमंड यांनी २०१७ मध्ये जाहीरपणे मान्य केलं की शेजारच्या रहिवाशांच्या बाबतीत आपण कमी पडलो. हे शहाणपण आधी सुचावं यासाठीच आकडेमोड करणारा माणूस प्रकल्पाच्या पहिल्या बैठकीपासून लागतो.

बरं, शाश्वत म्हणजे दरवेळी काही नवं, हिरवं बांधणंही नव्हे. पॅरिसमध्ये ब्वा-ल-प्रेत्र हा १९६०च्या दशकातला रहिवासी मनोरा पाडायच्या गोष्टी चालल्या होत्या. आन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल हे वास्तुविशारद आणि त्यांचे सहकारी यांनी तो पाडू दिला नाही. तयार भाग बाहेरून जोडून प्रत्येक घर वाढवलं, काचेची ऊबदार खोली आणि गॅलरी दिली. काम चालू असताना भाडेकरू आपापल्या घरातच राहिले. २०११ मध्ये ते पुरं झालं, तेही पाडून नव्याने बांधायला आला असता त्यापेक्षा कमी खर्चात. जुन्या सिमेंट-पोलादापायी हवेत गेलेला कार्बन काही परत येत नाही, त्यामुळे धड असलेली इमारत पाडणं म्हणजे तो खर्च दुसऱ्यांदा करणं. पाडकामाच्या निविदेत हा आकडा सहसा दिसत नाही. तो तिथे दिसायला लावणं हेही या विषयातल्या अर्थतज्ज्ञांचंच काम.

संख्याशास्त्रातल्या ६२ गुणांचा धसका घेऊ नका. पण दुर्लक्षही नको, कारण गणिताशिवाय इथे निभाव लागत नाही. नमुना दाखवते. ५० वर्षांनी होणाऱ्या १०० रुपयांच्या फायद्याची आजची किंमत वर्षाला १० टक्के दराने (उद्याचा पैसा आजच्यापेक्षा किती कमी मोलाचा धरायचा, तो हा दर) काढली तर येतात ८५ पैसे. तीच ३ टक्क्यांनी काढा, जवळजवळ २३ रुपये होतात. नदी साफ करायची की तिच्यावर पूल टाकायचा, याचा कौल कित्येकदा या एका दरावर फिरतो, आणि तो दर आभाळातून पडत नाही, कुणीतरी ठरवतो. ब्रिटनचं सरकार आपल्या प्रकल्पांसाठी साधारण ३.५ टक्के धरतं. दर का धरला, बदलला तर काय होईल, हे विचारता येणारी माणसं हवीत. ती ६२ गुणांतूनही घडतात, अभ्यास वाढवला तर.

आता हा परिच्छेद मुलीला वाचायला द्या. बेटा, तू आधीच्या-नंतरच्या फोटोंचं मोठं फोल्डर जमवलंयस असं बाबांनी लिहिलंय. फोटो छान असतात, पण त्यांच्यावरून करिअर ठरवू नकोस. दक्षिण कोरियातल्या सोल शहरात २००३ ते २००५ या काळात चंगेचन ओढ्यावरचा उन्नत रस्ता पाडून सुमारे पावणेसहा किलोमीटरचा प्रवाह मोकळा केला. आज तिथे गारवा आहे, गर्दी आहे, फोटो तर हजारो आहेत. पण त्या ओढ्यातलं बहुतेक पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडावं लागतं, आणि पंपाचं बिल दरवर्षी येतं. तिथे पथारी लावणाऱ्या विक्रेत्यांना उठावं लागलं. एक मोठा कागद घे. फायदा कुणाला, किती वर्षं, खर्च कुणावर, जे पैशात मोजता येत नाही ते कुठे मांडायचं, हे त्यावर लिहून काढ. माहिती कमी पडेल, चिडचिड होईल. तरीही तो कागद सोडवेना झाला तर हा विषय तुझा. कंटाळा आला आणि मन पुन्हा पुन्हा चित्रांकडेच वळलं, तर नगररचना किंवा वास्तुरचनेचा विचार कर, त्यात कमीपणा काही नाही. तिसऱ्या वर्षी इकॉनॉमेट्रिक्स (आकडेवारीवरून आर्थिक अंदाज तपासायचं शास्त्र) आणि सार्वजनिक वित्त हे पर्याय असतील तर सोपे विषय सोडून तेच घे. सोबत जीआयएस शिक, नकाशावर आकडे मांडता आले पाहिजेत.

राहिला पैशाचा प्रश्न. तो तुम्ही संकोचत विचारलाय, संकोच कसला त्यात? नुसत्या पदवीवर या क्षेत्रात फार काही मिळत नाही. नागरी अर्थशास्त्र, नगरनियोजन किंवा सार्वजनिक धोरण यांतली पदव्युत्तर पदवी जवळपास लागतेच. पहिली काही वर्षं सीए झालेल्या मैत्रिणीपेक्षा पगार कमी असण्याची शक्यता बरीच आहे, हे तिला आत्ताच सांगून ठेवा. नोकऱ्या मात्र आहेत. पायाभूत प्रकल्पांच्या सल्लागार कंपन्या, महापालिकांच्या रोख्यांचं मूल्यमापन करणाऱ्या पतमापन संस्था, मेट्रो आणि नगरविकास प्राधिकरणं, पुढे जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँक. 'नागरी पुनरुज्जीवन अर्थतज्ज्ञ' अशी पाटी जाहिरातीत शोधाल तर क्वचितच सापडेल. प्रकल्प मूल्यमापन, महापालिका वित्त, जमीन मूल्यांकन, वाहतूक अर्थशास्त्र अशा नावांनी शोधा, आणि तिला एका सुट्टीत यांपैकी कुठेतरी इंटर्नशिप करू द्या, विद्यावेतन नाममात्र असलं तरी.