टाइमआउट झाला म्हणजे ट्रान्सफर थांबलं असं नाही

लिनक्स कर्नलच्या तुझ्या ड्रायव्हरमध्ये ट्रान्सफर पूर्ण होण्याची वाट बघायला तू वेट_फॉर_कम्प्लिशन_इंटरप्टिबल_टाइमआउट वापरलंयस, ते ठीक आहे. पण त्याचं उत्तर तीन प्रकारचं असतं: काम झालं तर उरलेले जिफीज, म्हणजे कर्नलच्या घड्याळाचे ठोके (किमान 1), वेळ संपली तर 0, आणि सिग्नल (प्रोग्रामला मध्येच आलेली सूचना, उदा. कंट्रोल-सी) आला तर ऋण ईरीस्टार्टसिस हा एरर कोड. हे उत्तर साइन्ड लाँगमध्येच (ऋण आकडेही धरणाऱ्या प्रकारात) ठेव. अनसाइन्डमध्ये घेतलंस तर सिग्नललाही यश समजशील. शून्य आल्यावर ईटाइम्डआउट हा वेळ संपल्याचा एरर कोड तुलाच परत करायचा आहे.

आता खरी मेख. तुझं थांबणं संपलं, तरी हार्डवेअरला त्याचा पत्ता नसतो. डीएमए (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहिणारं हार्डवेअर) तुझ्या बफरमध्ये लिहीतच राहतो. तू तो बफर केफ्री केलास, म्हणजे त्याची मेमरी कर्नलला परत दिलीस, की ती जागा दुसऱ्या कुणाला मिळते आणि तिथला डेटा बिघडतो. असा बग शोधताना मी कित्येक रात्री जागलोय, म्हणून कळकळीने सांगतो: आधी ट्रान्सफर थांबवून ते खरंच थांबेपर्यंत वाट बघ, त्यासाठी डीएमएइंजिन_टर्मिनेट_सिंक, यूएसबी असेल तर यूएसबी_किल_यूआरबी (यूआरबी म्हणजे यूएसबी ट्रान्सफरची विनंती), आणि मगच अनमॅप (डीएमएसाठी केलेली बफरची जोडणी काढणं) आणि केफ्री. यूएसबी_अनलिंक_यूआरबी इथे पुरत नाही. ते रद्द करायला सांगून लगेच परततं.

कम्प्लिशन (काम झाल्याची खूण, जिची तू वाट बघतोस) फंक्शनच्या स्टॅकवर असेल तर धोका तोच: उशिरा आलेला इंटरप्ट मेलेल्या स्टॅकला हात लावतो. आणि ही खूण पुन्हा कोरी करणारं रीइनिट_कम्प्लिशन ट्रान्सफर सुरू करण्याआधी कर, नंतर नको.

सिग्नल आला तेव्हा काही बाइट्स पोचले असतील तर तेवढा आकडा परत कर. काहीच गेलं नसेल तरच ईरीस्टार्टसिस. उपकरण अर्धवट आज्ञेत अडकून पडत असेल, तर मी इंटरप्टिबल सोडून किलेबल (फक्त जीवघेण्या सिग्नलनेच तुटणारं थांबणं) घेतो.