पशुवैद्यकीय पदविकेसाठी तीन लाखांचं कर्ज काढावं का?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: मंगळवेढ्याकडे चार एकर जिरायत, मुलगा बारावी सायन्स झालाय, नीटचे गुण बीव्हीएस्सीला, म्हणजे पशुवैद्यकाच्या पदवीला, पुरत नाहीत. खासगी संस्थेत तीन वर्षांची पशुवैद्यकीय पदविका करायची तर फी, होस्टेल, मेस धरून तीन लाख लागतात. ते बँकेतून उचलावेत का, आणि फिटतील का?

मी पदविकाधारकच आहे. मोहोळ तालुक्यात एका डेअरीसाठी कृत्रिम रेतनाचं, म्हणजे वळूचं वीर्य वापरून गाई भरायचं काम करतो. पोराला गुरांची आवड असेल तर पदविका जरूर करू द्या, पण तीन लाखांचं कर्ज नको. दीड लाखाच्या आत बसवता आलं तर बघा.

आधी हप्त्याचं बोलू. शिकत असताना बँक हप्ता मागत नाही, कोर्स संपल्यावरही साधारण वर्षभर थांबते, त्यामुळे कर्ज अंगावर आहे असं वाटतच नाही. व्याज मात्र पैसे संस्थेच्या खात्यात गेल्या दिवसापासून चालू. 10 टक्के धरा. दर वर्षी एक लाख उचललं तर पहिल्या लाखावर चार वर्षांचं, दुसऱ्यावर तीन आणि तिसऱ्यावर दोन वर्षांचं व्याज चढतं. सरळव्याजानेच ते 90 हजार होतं. म्हणजे फेडायला बसाल तेव्हा आकडा 3 लाख 90 हजार. पाच वर्षांत फेडायचं म्हटलं तर महिन्याला 8,300 च्या आसपास, सात वर्षांत साधारण 6,500.

आता पगार. आमच्याकडे नव्या पोराला डेअरीत 12 ते 15 हजारांवर घेतात. गाडी स्वतःची, पेट्रोलचे थोडेफार वेगळे. सोलापुरात कुत्र्यामांजरांचे दवाखाने वाढलेत, पण तिथे मदतनिसाला याहूनही कमी देतात. पशुखाद्याच्या नाहीतर औषधाच्या कंपनीत फिरतीची विक्री केली तर सुरुवात 18-20 हजारांपर्यंत जाते, फक्त त्या कामात गुरं कमी आणि टार्गेट जास्त. 13 हजारांतून 8,300 गेले की उरतं काय? पोरगा घरी राहून घरची भाकरी खाणार असेल तरच जमतं, पुण्याला खोली करून राहणार असेल तर हप्ता तुम्हालाच भरावा लागेल.

गावात कुणीतरी सांगेलच, की अमक्या डॉक्टरने नुसत्या पदविकेवर बंगला बांधला. त्या बंगल्याकडे बघून कर्ज काढू नका. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, 1984 च्या कलम 30 प्रमाणे जनावरांवर उपचार करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा, म्हणजे बीव्हीएस्सी झालेल्याचा. राज्य सरकारने परवानगी दिली तर पदविकाधारकाला नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली लसीकरण, खच्चीकरण, जखमेची मलमपट्टी, प्राथमिक उपचार अशा किरकोळ सेवा देता येतात. त्यापलीकडे जाऊन सलाइनी लावणारे आणि ऑपरेशन करणारे आहेत, सगळ्यांना ठाऊक आहे. पण तक्रार झाली की निस्तरायला संस्था येत नाही. कर्जाचा हिशेब कायद्यात बसणाऱ्या कमाईवरच मांडा.

कायद्यात बसणारं काम वाईट नाही, पण त्याला वेळ लागतो. माझंच सांगतो. पहाटे फोन येतो, "गाय रात्रीपासनं वरडतीया, बळस टाकतीया." म्हणजे गाय माजावर आलीय. कंटेनरात उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमध्ये गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या बुडालेल्या असतात. त्यातली एक चिमट्याने काढायची, 37 अंशांच्या कोमट पाण्यात अर्धा मिनिट धरायची, कोरडी पुसून रेतनाच्या गनमध्ये भरायची. पाणी जास्त तापलं, नाहीतर माजाची वेळ चुकली, की गाय उलटते, म्हणजे गाभण राहत नाही, आणि 21 दिवसांनी तोच माणूस जरा चढ्या आवाजात पुन्हा फोन करतो. हात बसायला आणि शेतकऱ्याने नाव घेऊन बोलवायला दोन-तीन वर्षं सहज जातात. कर्जाचा हप्ता नेमका याच वर्षांत चालू असतो.

वरून उधारी. डेअरीचं बिल दहा दिवसांनी निघतं, त्यातून पशुखाद्याचे पैसे कापले जातात, उरलं तर "बघू पुढच्या बिलाला." दुधाचा दर पडला की सगळ्यात आधी आमचे पैसे लांबतात. बँकेच्या हप्त्याची तारीख मात्र ठरलेली.

सरकारी नोकरी लागली तर सगळं चित्र बदलतं, हे खरं. 2023 साली पशुसंवर्धन विभागाने पशुधन पर्यवेक्षकांच्या 376 जागा काढल्या होत्या, वेतनश्रेणी 25,500 ते 81,100, वर भत्ते. पण त्या जागा अख्ख्या महाराष्ट्रासाठी होत्या, आणि अशी जाहिरात दरवर्षी निघत नाही. लागली तर आनंदच, हिशेबात धरू नका.

खाली प्रतिक्रियेत कुणीतरी अमेरिकेतल्या अशा कामाच्या पगाराचे आकडे टाकलेत. तिकडे व्हेटरनरी टेक्निशियनची, म्हणजे पशुवैद्यकाच्या प्रशिक्षित मदतनिसाची, मध्यम वार्षिक कमाई 2024 मध्ये 45,980 डॉलर होती हे बरोबर आहे. पण तो तिकडचा, बहुतेक वेळा दोन वर्षांचा कोर्स आणि त्यावरची परीक्षा झालेल्यांचा पगार, आणि तिथल्या लोकांनाही तो कमीच वाटतो. शिवाय तिकडच्या एच-1बी या नोकरीच्या व्हिसाला किमान पदवी लागेल असं काम असावं लागतं, त्यात हे सहसा बसत नाही. आपल्या पदविकेशी त्या डॉलरचा संबंध नाही.

मग दीड लाखात बसवायचं कसं? महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, तुमच्या प्रवर्गाची कोणती शिष्यवृत्ती या अभ्यासक्रमाला आणि या संस्थेला लागू आहे, ते प्रवेशाआधी लेखी विचारून घ्या. जाऊन-येऊन करता येईल अशी संस्था मिळाली तर होस्टेल-मेसचा खर्च वाचतो, आणि तो फीपेक्षा फार कमी नसतो. शिकतानापासून हप्ता चालू होईपर्यंत दर महिन्याला व्याजापुरते पैसे भरलेत तर मघाचे ते 90 हजार मुद्दलावर बसणार नाहीत. एक शेरडू विकून पहिल्या वर्षाचं व्याज निघेल.

चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागायचं नसतं, तेव्हा जमिनीचा उतारा पुढे करू नका. पण तुम्ही सहकर्जदार असणार. हप्ते थकले तर सिबिल तुमचंही बिघडतं आणि पुढच्या पीककर्जाला अडचण येते. पतसंस्थेकडे तर या कामासाठी जाऊच नका.

संस्था माफसूशी, म्हणजे नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाशी, संलग्न आहे का ते विद्यापीठाच्या यादीत बघा, संस्थेच्या फलकावर नको. नुसत्या सर्टिफिकेट कोर्सला पैसे देऊ नका. आणि बघायला जाल तेव्हा ऑफिसात चहा घेण्याआधी गोठ्यात जा. जनावरं किती आहेत, जनावर अडकवायचा खोडा वापरातला दिसतो का, कंटेनरमध्ये नायट्रोजन आहे का. मग तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या पोराला बाजूला घेऊन विचारा, आजवर किती गाई स्वतःच्या हाताने भरल्यास?