‘मला काही माहीत नाही, काका’

प्रश्न : ताई, मी ३१ वर्षांची आहे. सातपूरला एका मोठ्या कंपनीत अंतर्गत संवाद विभागात काम करते. कंपनीचं इंट्रानेट, कर्मचाऱ्यांना जाणारे मेल, कॅन्टीनमधले स्क्रीन, मोबाइल अ‍ॅप, सगळं माझ्याकडे. गेल्या महिन्यात आमची एक उत्पादन लाइन सिन्नरच्या प्लँटला हलवायचं ठरलं. मला नऊ दिवस आधी सांगितलं, कुणाजवळ बोलायचं नाही अशी ताकीद देऊन. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका त्याच लाइनवर आहेत. बाबांचे जुने सहकारी, मी त्यांच्या अंगाखांद्यावर वाढले. त्यांनी जिन्यात विचारलं, ‘काय गं, लाइन हलणार म्हणतात, खरं का?’ मी म्हणाले, ‘मला काही माहीत नाही, काका.’ पाच दिवसांनी मेल गेला. शीर्षक ‘भविष्यासाठी सज्ज’, पहिलंच वाक्य ‘आपल्याला कळवताना अत्यंत आनंद होत आहे की’. इंग्रजी मसुदा वरून आला होता, मराठी मी केलं. लाइनवरच्या बहुतेकांना कंपनीचा मेल आयडी नाही, अ‍ॅपही मोजक्यांनीच घेतलंय; पाच वर्षांत आम्ही तीन अ‍ॅप बदलली. काकांना ते दुसऱ्या पाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. आता ते माझ्याशी बोलत नाहीत, काकू आमच्याकडे येत नाहीत. घरचे म्हणतात, मेल पाठवायचीच तर नोकरी, दुसरी बघ. पुण्याहून एक ऑफर आहे. सोडू का? – एक वाचक, अशोकनगर, नाशिक

उत्तर : अगं, पुण्याचं नंतर बघू. तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या जिन्यातच अडकले.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते. नऊ दिवस तू तोंड उघडलं नाहीस, ते बरोबर केलंस. काकांना सांगितलं असतंस तर त्यांनी लाइनवरच्या एखाद्या जिवाभावाच्या माणसाला सांगितलं असतं, आणि त्यासाठी त्यांना नावं ठेवता आली नसती. संध्याकाळपर्यंत गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर ‘एक लाइन हलणार’ पोचलं असतं, रात्रपाळीला त्याचं ‘प्लँट बंद होणार’ झालं असतं. कुणी घाईघाईत गावाकडं बियाण्याचे पैसे थांबवले असते, कुणी मुलीची सोयरीक पुढे ढकलली असती. अर्धवट बातमीनं घरं हलतात.

पण ‘माहीत नाही’ हे खोटं होतं, आणि तुला टोचतंय ते तेवढंच. तू म्हणशील, ‘सांगता येत नाही’ म्हटलं असतं तर काका काय ते समजले असते. खरंय. म्हणून ती सवय आधीपासून लावावी लागते. काही नसतानाही, बोनस असो, कॅन्टीनचा ठेकेदार बदलणार असो, कुणाचं प्रमोशन असो, शेजारी विचारोत की मामेभाऊ, उत्तर एकच : ‘कंपनीतलं मी घरी बोलत नाही हो, चांगलंही नाही नि वाईटही नाही.’ वर्षभर हेच ऐकलेल्या माणसाला त्यातून काही कळत नाही, आणि तुला खोटं बोलावं लागत नाही. हे तुला पहिल्या दिवशी साहेबांनी शिकवायला हवं होतं. नाही शिकवलं, तर आता स्वतः शीक.

माझी एक गोष्ट सांगते, फारशी कुणाला सांगितलेली नाही. १९८०च्या दशकात मी अंबडला एका कारखान्यात पर्सोनेलला, म्हणजे कर्मचारी विभागात, टायपिस्ट होते. मराठी टाइपरायटरवर स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलवर प्रती काढायच्या, एक बोर्डाला, एक टाइम ऑफिसला. एका संध्याकाळी माझ्यापुढे यादी आली, ज्यांना ब्रेक द्यायचा, म्हणजे कामावरून कमी करायचं होतं त्यांची. त्यात रोज पंचवटी कारंजावर आमच्या बसमध्ये चढणारा एक जण होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो माझ्या मागच्या सीटवर बसून धाकटीच्या शाळाप्रवेशाचं बोलत होता आणि मी खिडकीतून बाहेर बघत होते. आम्ही पोचलो आणि यादी बोर्डावर लागली.

काही महिन्यांनी तो रविवार कारंजावर समोर आला. मी वाट बदलणार होते, त्यानंच हाक मारली. म्हणाला, ‘बाई, तुम्ही टाइप केलं त्याचा राग नाही, ते तुमचं कामच. पण माझं आडनाव चुकवलंत. शेवटच्या कागदावर तरी नाव नीट पाहिजे होतं.’ स्टेन्सिलवर चूक झाली की लाल फ्लुइड लावून ते सुकेपर्यंत थांबावं लागायचं. मला चूक दिसली होती. मी थांबले नाही, साडेपाचची बस होती.

तुझ्या काकांचाही राग मला तिथलाच वाटतो. निरोप तू आणलास म्हणून ते रुसलेले नाहीत. तीस वर्षांचा रोजचा रस्ता बदलला त्या दिवशी त्यांच्या ओळखीच्या मुलीनं लिहिलं, ‘अत्यंत आनंद होत आहे’. तो आनंद कुणाला होत होता? इंग्रजीत असलं वाक्य सवयीनं पडतं, कुणी ते वाचतही नाही. मराठीत ते उतरवलंस की ते अक्षरशः खरं मानून वाचलं जातं. आपल्याकडे ‘कळवण्यास आनंद होतो’ लग्नपत्रिकेत असतं.

तू मेलची प्रत जोडलीस ती बघितली. पाच परिच्छेद आहेत. दूरदृष्टी आहे, स्पर्धात्मकता आहे, कुटुंब आहे. बस नाही. सातपूरहून सिन्नर पस्तीसेक किलोमीटर, मध्ये द्वारका चौक. सातच्या पाळीला हजर व्हायचं तर घरातून किती वाजता निघायचं, कंपनीची गाडी अशोकनगरला थांबणार का, नोकरीची वर्षं सलग धरणार का, ज्याला जाता येणार नाही त्याचं काय, आणि हे विचारायचं कुणाला? ही माहिती तुझ्याकडे नसेल, तर ‘बसचं अजून ठरलेलं नाही, अमुक तारखेला सांगू’ एवढं तरी लिहिता आलं असतं. अजून न ठरलेलं काय आहे, हे लिहायला वरचे लोक फार घाबरतात. तिथं त्यांच्याशी वाद घालणं हे तुझं काम आहे.

आणि मेल गेला कुणाला? तूच लिहितेस की लाइनवरच्या बहुतेकांना कंपनीचा मेल आयडी नाही आणि अ‍ॅप मोजक्यांनीच घेतलंय. कसं घेतील? पाच वर्षांत तुम्ही तीन अ‍ॅप बदललीत. फेसबुकवाल्या मेटासारख्या कंपनीनं आपलं ‘वर्कप्लेस’ हे कंपन्यांच्या अंतर्गत संवादाचं अ‍ॅप बंद करत असल्याचं मे २०२४ मध्ये जाहीर केलं. ज्या कंपन्यांनी सगळा संवाद त्यावर नेला होता त्यांना पुन्हा नवं घर शोधावं लागलं. कामगार प्रत्येक वेळी नवा पासवर्ड का पाठ करेल? तो गेटवरचा बोर्ड बघतो आणि सुपरवायझरचं तोंड बघतो. १९४८च्या कारखाने कायद्याच्या कलम १०८ मध्ये लिहिलं होतं की कायद्यानं लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, मुख्य दरवाजाजवळ सहज दिसतील अशा लावायच्या. आमच्या साहेबांनी ते कलम मला टायपिंगच्या पहिल्या आठवड्यात वाचून दाखवलं होतं. ‘समजणाऱ्या’ या शब्दाखाली त्यांनी पेन्सिलीनं रेघ मारली होती.

साहेब तुला मेल किती जणांनी उघडला याचा आकडा दाखवतील. त्यावर खूश होऊ नकोस, रडूही नकोस. बहुतेक ठिकाणी तो आकडा मेलमध्ये लपवलेल्या एका बारीकशा चित्रावरून येतो. चित्र उतरलं की मेल उघडला असं धरतात. आउटलुकनं चित्र अडवलं तर वाचलेला मेलही न वाचलेला दिसतो, आणि अ‍ॅपलनं २०२१ पासून चित्र आधीच उतरवून घ्यायची सोय दिल्यापासून न वाचलेलाही वाचलेला दिसू शकतो. त्यापेक्षा पाळी सुटताना गेटवर उभी राहा आणि चार जणांना विचार, ‘सिन्नरला कधीपासून जायचंय?’ चार वेगळी उत्तरं आली तर संवाद झालेला नाही.

पुढच्या वेळी मसुदा हातात आला की साहेबांना एवढंच विचार : ज्यांचं काम बदलतंय त्यांना समोरासमोर कोण सांगणार, आणि तिन्ही पाळ्यांना कधी? तो आधी, मेल त्यानंतर. लाइनवरच्यांना सुपरवायझरनं सांगितलं, त्याच्या हातात मराठीत एक पान होतं, मग दुपारी मेल आणि स्क्रीन, असा क्रम लावून दे. साहेब ऐकतील असं मी म्हणत नाही. पण लेखी विचार.

आता घरचे. ‘मेल पाठवायचीच तर नोकरी’ हे ऐकून तू गप्प बसलीस, ते मला आवडलं नाही. त्या शब्दांवर किती चुली अवलंबून असतात हे तुला गेल्या महिन्यात दिसलं. बाबांना सांग, ते त्या लाइनवर होते तेव्हा बोर्डावरचा कागद कुणीतरी लिहीतच होतं.

पुण्याची ऑफर पगार, काम, तुझं पुढचं आयुष्य बघून घे. चांगली असेल तर जरूर जा, मी अडवणार नाही. फक्त जिना चुकवायला जाऊ नकोस. हिंजवडीतही कुणाची तरी लाइन कधीतरी हलेल आणि लिहायला तुलाच बसवतील.

म्हणून आधी वर जा. रविवारी सकाळी, काका पेपर वाचत असतात तेव्हा. आईला पुढं घालू नकोस, एकटी जा. म्हण, ‘काका, तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. सांगायची परवानगी नव्हती, पण माहीत नाही म्हणाले ते खोटं होतं. आणि त्या मेलमधलं आनंदाचं वाक्य माझ्या हातचं आहे, ते मी लिहायला नको होतं.’ इतकंच. साहेबांवर ढकलू नकोस, ‘तुमचं काही होणार नाही’ असं तर अजिबात बोलू नकोस, ते तुझ्या हातात नाही. ते गप्प बसले तर दोन मिनिटं बस आणि ऊठ.

आणि जाण्याआधी शुक्रवारी ट्रान्सपोर्टवाल्यांकडून सिन्नरच्या गाडीचे थांबे नि वेळा ठरल्या असतील तर मागून घे, मोठ्या अक्षरात एका कागदावर लिही. काकूंना डबा किती वाजता करायचा ते अजून कुणी सांगितलेलं नसेल.